ऑक्सिमीटरवर ९८ होतं

त्या रात्री डोकं दुखत होतं म्हणून मी गोळी घेऊन झोपले, असं मी पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते. शेवटी भाऊच म्हणाला, "ताई, तू गोळी घेतलीच नव्हतीस. पाकीट तुझ्या मुठीत होतं आणि त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती." म्हणजे डोकं दुखायला लागलं, मी उठले, गोळ्या शोधल्या, आणि घ्यायच्या आधीच भान सुटत चाललं होतं. विष अंगात भिनत होतं आणि मला वाटत होतं, दिवसभराचा शीण आहे.

घराच्या मागच्या खोलीत एक एक्स्टेन्शन बोर्ड होता आणि त्याला टेकून फोमची जुनी गादी उभी केलेली होती. बोर्ड तापला, गादीने पेट घेतला. दार-खिडकी बंद असल्यामुळे ती भडकली नाही, आतल्या आत धुमसत राहिली. हवा पुरली नाही की जळण अर्धवट जळतं आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वजनाला तो हवेपेक्षा किंचित हलका, जवळपास हवेइतकाच, त्यामुळे खाली किंवा वर साचून न राहता हवेत मिसळून घरभर पसरतो. माझी खोली त्या खोलीला लागूनच. धुराचा वास मला आला असेलही, पण आठवत नाही.

भावाला खोकल्याने जाग आली. तो धावत मागच्या खोलीकडे गेला आणि त्याने दार उघडलं. कोंडलेल्या आगीला अशी एकदम हवा मिळाली की ती अंगावर झेपावते, हे आम्हाला नंतर अग्निशमन दलाच्या जवानाने समजावलं. आधी दाराला हाताची पाठ लावून बघायची, दार तापलेलं असेल तर उघडायचं नाही. भावाने उघडलं आणि गरम धुराचा लोट थेट तोंडावर आला. नेमका त्याच क्षणी त्याने श्वास आत घेतला. भुवया करपल्या, कपाळावरचे केस चुरचुरले. तसाच वाकून, जमिनीलगत सरकत तो माझ्या खोलीत आला आणि काखेत हात घालून त्याने मला ओढत बाहेर नेलं. पाय जमिनीला लागत होते, पण त्यांत त्राण नव्हतं. बाहेर आल्यावर मी उलटी केली आणि कोसळले. भाऊ म्हणतो, मिनिटभर मी हाकेला ओ दिली नाही. हे मिनिट पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

मी डोळे उघडले तेव्हा शेजारचे काका माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसले होते. कोविडच्या काळापासून त्यांच्याकडे तो होता. आकडा दिसला, ९८. भावाचा ९७. "छान आहे की!" काका म्हणाले. "घाबरायचं काही कारण नाही. मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही. मला फक्त आडवं व्हायचं होतं. कोणीतरी आधीच ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, नाहीतर मी शेजारी जाऊन झोपले असते. त्या झोपेचा विचार आजही मला सहन होत नाही.

ॲम्ब्युलन्समधल्या मुलाने ऑक्सिमीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. आल्या आल्या त्याने माझ्या तोंडावर मास्क चढवला आणि मगच विचारायला सुरुवात केली. बंद खोलीत होता का? किती वेळ? बेशुद्ध कोण पडलं होतं? छातीत दुखतंय का? काका म्हणाले, "अहो, ९८ आहे तिचं." तो म्हणाला, "काका, धुरातून बाहेर आलेल्या माणसाचं हे मशीन खरं सांगत नाही." हे वाक्य मला स्पष्ट आठवतं. बाकी त्या तासातलं फार थोडं आठवतं.

असं का, ते मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. कोणता किती शोषला गेला त्यावरून किती हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय, याचा तो अंदाज बांधतो. पण कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन बसलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. दोन्ही एकत्र मोजून तो ९८ दाखवतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पटींनी घट्ट धरतो. शिवाय उरलेल्या जागांवर जो ऑक्सिजन बसलेला असतो, तोही पेशींपाशी पोचल्यावर सहज सुटत नाही. म्हणजे रक्त भरलेलं दिसतं आणि मेंदू-हृदय उपाशी राहतात.

खरी मोजणी रक्त काढून को-ऑक्सिमीटर नावाच्या यंत्रावर होते. माझ्या मनगटातल्या धमनीत सुई घातली. एवढ्या बधिर अवस्थेतही ती कळ डोक्यापर्यंत गेली. (या एका मोजणीसाठी शिरेतलं रक्तही चालतं, पण बाकीचे आकडेही हवे होते.) माझं कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन, २७ टक्के निघालं. धूम्रपान न करणाऱ्या माणसात ते साधारण ३ टक्क्यांच्या आत असतं, करणाऱ्यांत दहापर्यंत जाऊ शकतं. "वाटेत तुम्हाला ऑक्सिजन चालू होता," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे घरात असताना आकडा याहून जास्त असणार." त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. या आकड्यावरून आजार किती गंभीर आहे ते ठरत नाही. कमी आकड्याचा माणूसही वाईट अवस्थेत असू शकतो. शुद्ध हरपली होती का, गोंधळलेपणा आहे का, ईसीजी काय सांगतो, हे बघून ते ठरवतात. म्हणून ते मिनिट महत्त्वाचं. काकांनी विचारलं, "पण हिचे ओठ तर लालचुटूक नाहीत. या विषात तसे होतात ना?" डॉक्टर म्हणाले, जिवंत रुग्णात तो लाल रंग क्वचितच दिसतो, त्याची वाट बघत बसायचं नसतं. मी त्या वेळी पांढरीफटक होते.

मास्कबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा निम्मा उपचार तोच होता. या मास्कला खाली एक प्लास्टिकची पिशवी असते. पिशवीत शुद्ध ऑक्सिजन साठतो, श्वास तिथून घ्यायचा, आणि सोडलेली हवा बाजूच्या झडपांतून बाहेर जाते. पिशवी फुगलेली राहिली पाहिजे. मी श्वास घेतला की ती चपटी पडायची, ते पाहून सिस्टरने प्रवाह वाढवून मिनिटाला १५ लिटरवर नेला. मास्कच्या कडेने गालापाशी फट राहिली होती. तिने पट्टा आवळला आणि नाकावरची धातूची पट्टी चिमटीत दाबून बसवली. नाक कोरडं पडलं, हनुवटी घामेजली, मला सारखा तो ओढून काढावासा वाटत होता. दोनदा काढलाही. दुसऱ्यांदा सिस्टर माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. "साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात," ती म्हणाली, "या मास्कमध्ये तास-दीड तास. तुम्ही काढलात की घड्याळ पुन्हा हळू चालायला लागतं. आता तुम्हीच ठरवा." मग मी काढला नाही. डोळ्यांसमोर भिंतीवर घड्याळ होतं आणि मी मनात निम्मे-निम्मे करत राहिले. सत्तावीसचे साडेतेरा, साडेतेराचे पावणेसात.

मधल्या वेळात ईसीजी झाला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीसाठी रक्त गेलं आणि काही तासांनी पुन्हा गेलं. ऑक्सिजनची ओढाताण हृदयाच्या स्नायूला दुखापत करू शकते, छातीत दुखत नसलं तरी. मी गरोदर आहे का, हेही त्यांनी विचारलं. गर्भाचं हिमोग्लोबिन हा वायू जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे आई बरी दिसायला लागली तरी उपचार खूप जास्त वेळ चालू ठेवावे लागतात. माझ्या बाबतीत तो प्रश्न नव्हता.

भाऊ पलीकडच्या खाटेवर होता आणि खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा ठीक वाटत होता. बसला होता, बोलत होता, माझी चौकशी करत होता. त्याचा वायूचा आकडाही कमी होता, १४. पण डॉक्टर माझ्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त वेळ थांबत होते. त्यांनी त्याच्या नाकपुडीत टॉर्च मारला, आतले केस जळून वळले होते. त्याला खाकरून थुंकायला लावलं, थुंकीत काजळीचे काळे धागे. मग त्याला मोठ्याने 'आ' म्हणायला सांगितलं. मी त्याला जन्मापासून ओळखते. तो आवाज त्याचा नव्हता. घोगरा, ओलसर, जाड. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत तो असा नव्हता.

भूलतज्ज्ञ आल्या. नाकातून एक बारीक, वळणारी दुर्बीण घातली आणि स्वरयंत्रापर्यंत पाहिलं. तिथे काजळी होती आणि सूज धरायला लागली होती. त्या म्हणाल्या, घशात नळी घालावी लागेल, आत्ताच. भाऊ म्हणाला, "मॅडम, मी बोलतोय, श्वास घेतोय. नळी कशाला?" त्या खाटेच्या कडेला बसल्या. "बोलताय म्हणूनच आत्ता घालायची. ही सूज पुढचे काही तास, कधी दिवसभर वाढत जाते. श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला की आत नळी जायला जागाच उरत नाही. मग गळ्याला छेद द्यावा लागतो, तोही घाईघाईत." त्याने सही केली. माझी सही त्यांनी घेतली नाही, मी त्या अवस्थेत नव्हते आणि तो स्वतः पूर्ण शुद्धीत होता. औषध टोचायच्या आधी त्याने माझ्याकडे बघून मास्ककडे बोट दाखवलं, काढू नकोस म्हणून.

मला तेव्हा वाटलं होतं की चालत्या-बोलत्या माणसाला विनाकारण व्हेंटिलेटरवर टाकताहेत. मी तसं बोललेही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चेहरा पाहिला. ओठ, पापण्या, मान, सगळं फुगलं होतं. त्या सुजेत नळी गेली नसती.

आम्हा दोघांच्या रक्तातलं लॅक्टेटही, म्हणजे पेशींना ऑक्सिजन वापरता आला नाही की साठणारं आम्ल, त्यांनी मुद्दाम पाहिलं. फोम, लोकर, रेशीम, नायलॉन जळलं की धुरात सायनाइडही असतं. ते पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. बंद जागेतल्या आगीतून आलेल्या माणसाचं लॅक्टेट १० च्या वर असेल, रक्तदाब पडत असेल, शुद्ध जात असेल, तर सायनाइड धरूनच चालतात, त्याच्या तपासणीची वाट बघत बसत नाहीत. आमचे आकडे त्याच्या निम्म्यालाही पोचले नव्हते. त्यावरचं औषध हायड्रॉक्सोकोबालामिन, बी-१२ चाच एक प्रकार. प्रौढांना ते ५ ग्रॅम, साधारण १५ मिनिटांत शिरेतून देतात. त्याने त्वचा आणि लघवी लाल होते आणि काही रक्ततपासण्यांचे आकडेही बिघडतात, म्हणून जमेल तर त्याआधी रक्त काढून ठेवतात. सायनाइडवर पूर्वीपासून वापरात असलेलं नायट्राइट मात्र अशा रुग्णाला द्यायला डॉक्टर कचरतात. ते हिमोग्लोबिनचा आणखी एक हिस्सा निकामी करतं, आणि इथे आधीच तुटवडा असतो.

माझी शुद्ध गेली होती, त्यामुळे हायपरबॅरिक चेंबरचा, म्हणजे जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणाऱ्या बंद कक्षाचा, विषय निघाला. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात चेंबरचा फायदा दिसला नव्हता. २००२ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, २४ तासांत तीनदा चेंबरमध्ये ठेवलेल्या रुग्णांमध्ये सहा आठवड्यांनी स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या तक्रारी कमी आढळल्या. "खात्री देत नाही," ते म्हणाले, "पण तुमच्या बाबतीत मी पाठवेन." मी हो म्हटलं.

चेंबरमध्ये जाण्याआधी अंगावरचं सगळं उतरवायला लावतात. घड्याळ, केसांची पिन, क्रीम, तेल, काही नको. फक्त सुती कपडे. दाब आणि ऑक्सिजन एकत्र असल्यावर एक ठिणगीही परवडत नाही. आगीतून निघून आलेल्या बाईला हे ऐकताना काय वाटलं असेल ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं. दार लागलं, दाब चढायला लागला आणि कानांत दडे बसले, विमान उतरताना बसतात तसे, पण सलग. काचेपलीकडून तंत्रज्ञ हाताने खुणावत होता: गिळा, नाक दाबून फुंका. दाब साध्या हवेच्या अडीच ते तीन पट झाला की दडे थांबले. आत हवा कोमट होती. मी निपचित पडून राहिले.

एवढ्या दाबाखाली ऑक्सिजन थेट रक्ताच्या पाण्यात विरघळतो, हिमोग्लोबिन अडकलेलं असलं तरी पेशींना काहीतरी मिळतं, आणि वायू निम्मा व्हायला वीस-तीस मिनिटं पुरतात. दाबाखालचा ऑक्सिजन असा तारतो, हे सगळ्यात आधी दाखवलं जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, १८९५ मध्ये. दुप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेले उंदीर कार्बन मोनॉक्साइड असूनही तगले. हा माणूस स्वतः हा वायू हुंगून आपली लक्षणं टिपून ठेवायचा. खाणीत उतरताना कॅनरी पक्षी न्यावा ही शिफारसही त्यांचीच. माणसाच्या आधी तो कोसळतो, तेवढा इशारा पुरतो. ब्रिटनच्या खाणींत ती प्रथा १९८६ पर्यंत होती. बरी झाल्यावर हे वाचताना मी त्या पक्ष्यांसाठी रडले.

तिकडे भावाच्या नळीतून दर काही तासांनी सक्शन करून काळा चिकट कफ काढत होते. गरम हवेने भाजतो तो बहुतेक घशापर्यंतचा भाग. खाली फुप्फुसांत इजा होते ती धुरातल्या रसायनांची. श्वासनलिका मोकळ्या करायला वाफाऱ्यातून औषध चालू होतं. मी विचारलं, अँटिबायोटिक का नाही? संसर्गाची खूण दिसेपर्यंत ते उगाच देत नाहीत. स्टेरॉइडही नेहमीच देत नाहीत. चौथ्या दिवशी नळी काढायच्या आधी त्यांनी एक चाचणी केली. नळीभोवती घशात एक छोटा फुगा असतो, त्यातली हवा काढली आणि सगळे गप्प राहून ऐकू लागले. नळीच्या कडेने हवा निसटल्याचा 'फस्स' आवाज आला. म्हणजे सूज उतरली, कडेला जागा झाली. मी दारात उभी होते, मलाही तो ऐकू आला. इतका सुंदर आवाज मी क्वचित ऐकला असेन.

आठवड्याभरात आम्ही दोघंही घरी. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं: सगळं ठीक झाल्यावरही, काही दिवसांपासून ४० दिवसांपर्यंत, मेंदूच्या तक्रारी नव्याने सुरू होऊ शकतात. विसरणं, चिडणं, चाल बदलणं, लघवीवरचा ताबा जाणं. रुग्णाच्या स्वतःच्या ते लक्षात येत नाही, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं. तिसऱ्या आठवड्यात मी चुलीवर पातेलं ठेवून विसरले, तेही दोनदा. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. भावाच्या लक्षात आलं, त्यानेच अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी. पुढे काही केल्या येईना. मी ज्या आकड्यांवर नोकरी केली ते आकडे माझ्याकडे बघत होते आणि मला ओळखत नव्हते. एमआरआय झाला, व्यायाम आणि सराव ठरला. बऱ्याच जणांची ही तक्रार काही महिन्यांत, वर्षभरात ओसरते, एवढंच त्यांनी सांगितलं. चेंबर घेतला नसता तर याहून वाईट झालं असतं का, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि मी तो हिशेब सोडून दिलाय.

दरम्यान घरात दोन यंत्रं लागली, धुराचा अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. ही दोन वेगळी आहेत, धुराच्या अलार्मला हा वायू कळत नाही. काकांनीही दोन्ही बसवून घेतले.

भाऊ रोज रात्री फोन करायचा आणि हॅलोच्या जागी म्हणायचा, "शंभर." त्याचा आवाज अजून पूर्ण सुटलेला नव्हता, वरच्या पट्टीत जाताना फाटायचा. मी म्हणायचे, "त्र्याण्णव." कधी बहात्तरला अडायचे, कधी अठ्ठावन्नला. तो घाई करायचा नाही, सांगायचाही नाही, नुसता थांबून राहायचा. पाचव्या महिन्यात एका रात्री मी सदतीसपाशी आले, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन. पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग तो खाकरला आणि म्हणाला, "ताई, पुन्हा एकदा म्हण."